सूक्ष्मसूचीवेधन

सूक्ष्मसूचीवेधन : अतिशय बारीक व निर्जंतुक सुयांनी त्वचेत ठराविक खोलीची असंख्य छिद्रे पाडून तिची स्वाभाविक दुरुस्तीची क्रिया चेतविण्याचा उपचार. ‘मायक्रोनीडलिंग’ या नावाने तो अधिक परिचित असून ‘कोलॅजेन प्रवर्तन उपचार’ असेही त्यास म्हणतात. तारुण्यपीटिका, देवी, कांजिण्या, भाजणे इ. कारणांनी पडलेले खोलगट वण, बारीक सुरकुत्या, त्वचेचा सैलपणा व काही प्रकारची केसगळती यांवर तो करतात. या उपचारात त्वचेला बाहेरून काहीही पुरविले जात नाही. जाणूनबुजून केलेली लहानशी इजा भरून काढताना शरीर जे नवे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) तयार करते, तेच त्याचे फळ होय. इजा किती खोल करावयाची, ती किती स्वच्छतेने करावयाची आणि ती भरून येईपर्यंत त्वचा कशी जपावयाची, या तीन गोष्टींवर उपचाराचे यशापयश अवलंबून असते.

त्वचेची रचना व उपचाराचे तत्त्व : त्वचेचे बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे दोन मुख्य थर असतात. बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी कागदासारखी पातळ, म्हणजे सु. ०·१ मिमी. किंवा त्याहूनही कमी जाडीची असते. तिचा सर्वांत वरचा शृंगी स्तर मृत कोशिकांचा असून पाणी, जंतू व रसायने यांना अडविण्याचे काम मुख्यत्वे तोच करतो. बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनीन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या कोशिका असतात. तिच्याखालील अंतस्त्वचा जाड असून तीत रक्तवाहिन्या, तंत्रिका (मज्जा), केसांची मुळे आणि कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू असतात. त्वचेचा घट्टपणा व लवचिकपणा या तंतूंमुळे टिकतो. वाढत्या वयाबरोबर व उन्हाच्या माऱ्याने ते विरळ होतात. खोलगट वणांच्या जागी त्यांची मांडणी विस्कटलेली असते.

सुई अंतस्त्वचेपर्यंत पोहोचली की सूक्ष्म रक्तस्राव होतो. रक्तातील बिंबाणू तेथे जमून वृद्धिघटक नावाची द्रव्ये सोडतात. पहिले एक ते तीन दिवस शोथाची (दाहयुक्त सुजेची) अवस्था असते. त्यानंतर तंतुजनक कोशिका त्या जागी येऊन नवे कोलॅजेन निर्माण करू लागतात व नव्या केशवाहिन्या फुटतात. प्रथम तयार होणारे कोलॅजेन कच्चे असते. पुढील काही महिन्यांत त्याची जागा पक्क्या प्रकारचे कोलॅजेन घेते. यामुळे उपचाराचा खरा परिणाम लगेच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी चेहरा तुकतुकीत दिसतो तो बहुतांशी सुजेमुळे, हे लक्षात घ्यावे लागते. लेसरच्या काही प्रकारांत किंवा त्वचा घासून काढण्याच्या उपचारात बाह्यत्वचा नष्ट होते. सूचीवेधनात छिद्रांमधील बाह्यत्वचा शाबूत राहते. त्यामुळे जखम लवकर भरून येते व सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा संभव तुलनेने कमी असतो. हा संभव कमी असला, तरी तो नाहीसा मात्र होत नाही.

इतिहास : सुयांनी त्वचा टोचून उपचार करण्याची कल्पना भारतात जुनी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथाच्या सूत्रस्थानात ‘कूर्च’ नावाच्या शस्त्राचे वर्णन आहे. एका गोल बैठकीवर सात किंवा आठ सुया घट्ट बसवून हे शस्त्र तयार करीत आणि नीलिका व व्यंग हे चेहऱ्यावरील डागांचे विकार (मराठीतील ‘वांग’ हा शब्द व्यंगापासून आला आहे), तसेच केस गळणे यांसाठी त्याने त्वचा टोचण्यास सांगितले आहे. आजच्या उपचाराचे हेतू व हे हेतू यांतील साम्य लक्षणीय आहे. तथापि जंतू, कोलॅजेन व वृद्धिघटक यांविषयीचे ज्ञान अलीकडचे असल्याने आधुनिक उपचार हा त्या शस्त्राचा थेट वारसा आहे, असे म्हणता येत नाही.

सुईचा त्वचेशी लोकजीवनात अधिक निकटचा संबंध गोंदणाच्या रूपाने आला. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी, दिग्रस, पुसद या भागांतील बंजारा तांड्यांतील, तसेच जिल्ह्यातील गोंड, कोलाम इ. जमातींतील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर व हातांवर जुने गोंदण आजही पाहावयास मिळते. दोन-तीन सुया एकत्र बांधून काजळीचा रंग टोचावयाचा व वरून हळद लावावयाची, अशी गोंदण्याची सर्वसाधारण रीत होती. बाह्यत्वचा सु. महिन्याभरात पूर्णपणे बदलते. असे असूनही गोंदण जन्मभर टिकते, कारण रंगाचे कण अंतस्त्वचेत जाऊन बसलेले असतात. याचा अर्थ गोंदणाची सुई नेमकी त्याच थरापर्यंत पोहोचते, ज्या थरापर्यंत सूचीवेधनाची सुई पोहोचावी लागते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात : एक, अंतस्त्वचा गाठणे कठीण नाही, आणि दुसरी, सुईबरोबर जे काही आत जाईल ते तेथेच राहू शकते, मग तो रंग असो, धूळ असो की जंतू असोत.

आधुनिक उपचाराचा उगमही काही अंशी गोंदणातच आहे. कॅनडातील मॉंट्रिऑल येथील शल्यचिकित्सक कामिरां व डूसे यांनी पांढुरके वण झाकण्यासाठी त्वचेच्या रंगाचे गोंदण केले होते. एक-दोन वर्षांनी तो रंग फिकट झाला. पण वण सुधारलेले आढळले. त्यावरून रंगाशिवाय नुसती सुई वापरून त्यांनी उपचार केला व १९९७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तत्पूर्वी १९९५ मध्ये ओरेन्ट्राइश पितापुत्रांनी वणाखाली सुई फिरवून त्याचे खालचे बंध तोडण्याची पद्धत वर्णिली होती. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथील शल्यचिकित्सक डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचे फिरते रूळ वापरून या उपचाराला आजचे स्वरूप दिले. २००० नंतर अशा रुळांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होऊ लागले व उपचाराचा प्रसार जगभर झाला.

उपकरणे : रोलर, ठसा व विद्युत्‌ लेखणी असे उपकरणांचे तीन मुख्य प्रकार आहेत. रोलर हा दांड्याला बसविलेला लहानसा फिरता रूळ असतो. त्याच्या प्रचलित प्रकारात आठ ओळींत १९२ सुया असतात. रूळ फिरत असल्याने सुई त्वचेत तिरपी शिरते व उलट दिशेने तिरपी बाहेर पडते. अनेक स्वस्त रोलरांत सुट्या सुयांऐवजी दातेरी चकत्या बसविलेल्या असतात. त्यांनी गोल छिद्राऐवजी चीर पडते. ठसा हा एकेका वणावर दाबून वापरण्यासाठी असतो. विद्युत्‌ लेखणीत सुयांचा गट वेगाने खालीवर होतो व सुई त्वचेत सरळ शिरते. सुयांची टोपी प्रत्येक रुग्णासाठी नवी घ्यावयाची असते. लेखणीत खोली कमीजास्त करता येत असल्याने नाक व डोळ्यांभोवतीचा भाग यांवरही तिने काम करता येते. काही यंत्रांत सुयांमधून रेडिओ तरंगांची ऊर्जा देऊन अंतस्त्वचा तापविली जाते. हा प्रकार अधिक तीव्र असून भाजणे, वण पडणे, त्वचेखालील मेद कमी होणे, तंत्रिकांना इजा होणे असे अपाय त्यात घडल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये त्याविषयी सावधगिरीची सूचना दिली आहे.

घरगुती व व्यावसायिक वापरांतील भेद : हा भेद मुख्यतः सुईच्या लांबीचा आहे. घरगुती वापराचे म्हणून विकल्या जाणाऱ्या रोलरांतील सुया सामान्यतः ०·१५ ते ०·३ मिमी. लांबीच्या असतात. सुई तिच्या पूर्ण लांबीइतकी आत जात नाही. त्यामुळे या सुया बहुतेक शृंगी स्तर व बाह्यत्वचा यांपुढे फारशा पोहोचत नाहीत. त्यांनी त्वचा थोडी मऊ वाटते व वरून लावलेले मलम अधिक प्रमाणात शोषले जाते. परंतु खोल वण भरून येण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करणे चूक आहे. वैद्यकीय उपचारात ०·५ ते २·५ मिमी. लांबीच्या सुया वापरतात. पापण्यांजवळची पातळ त्वचा, गाल व पाठ यांसाठी वेगवेगळी खोली लागते. परिणाम दिसत नाही म्हणून १ किंवा १·५ मिमी. लांबीचा रोलर मागवून तो घरीच वापरणे, ही सर्वांत धोक्याची पायरी होय. कारण त्या खोलीवर रक्त येते आणि घरातील कोणतीही जागा वा वस्तू शस्त्रक्रियेच्या अर्थाने निर्जंतुक नसते.

रोलर स्पिरिटमध्ये बुडविल्याने जंतूंची संख्या कमी होते. पण तो निर्जंतुक होत नाही. उकळल्यास अथवा दाबाच्या वाफेत ठेवल्यास त्याचा प्लॅस्टिकचा भाग बिघडतो. वारंवार वापराने सुयांची टोके वाकतात व बोथट होतात. अशी सुई त्वचा टोचण्याऐवजी फाडते. एकच रोलर बहिणींनी, मैत्रिणींनी किंवा मायलेकींनी वापरणे सर्वथा वर्ज्य होय. यकृतशोथाचे ब व क प्रकारचे विषाणू आणि एचआयव्ही हे रक्तावाटे पसरतात व डोळ्यांना न दिसणारे रक्तही त्यास पुरेसे असते.

व्यावसायिक पद्धती : प्रथम रुग्णाची त्वचा, पूर्वीचे विकार व चालू औषधे यांची चौकशी करतात आणि तुलनेसाठी छायाचित्रे घेतात. चेहरा धुऊन त्यावर संवेदनाहारक मलम सु. पाऊण ते एक तास लावून ठेवतात. हे मलम फार मोठ्या भागावर किंवा फार वेळ लावल्यास औषध रक्तात शोषले जाऊन अपाय होऊ शकतो. म्हणून त्याचे प्रमाण वैद्यानेच ठरवावयाचे असते. मलम पूर्णपणे पुसून जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करतात. नंतर एका हाताने त्वचा ताणून उपकरण उभ्या, आडव्या व तिरप्या दिशांनी फिरवितात. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे बारीक ठिपके एकसारखे दिसू लागले म्हणजे थांबावयाचे असते. शेवटी निर्जंतुक लवणद्रावाने चेहरा पुसतात. सारी क्रिया अर्ध्या तासाच्या आसपास होते. दोन सत्रांत सामान्यतः चार ते सहा आठवड्यांचे अंतर ठेवतात व वणांसाठी तीन ते सहा सत्रे करतात. सत्रे वारंवार केल्याने फळ लवकर मिळत नाही. उलट, आधीचे ऊतक पक्व होण्यापूर्वीच पुन्हा इजा होते.

उपयोग व परिणाम : तारुण्यपीटिकांच्या वणांपैकी रुंद व उतरत्या कडांच्या खोलगट वणांना या उपचाराचा चांगला उपयोग होतो, अरुंद व खोल, सुईने टोचल्यासारख्या दिसणाऱ्या वणांना तो कमी होतो. श्रीनगर येथील त्वचारोगतज्ञ इम्रान मजीद यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचार पूर्ण केलेल्या ३६ रुग्णांपैकी ३४ जणांच्या वणांची तीव्रता एक किंवा दोन श्रेणींनी कमी झाल्याचे आढळले. वांगेवर ट्रानेक्झामिक अम्ल हे औषध सूचीवेधनाबरोबर देण्याचे प्रयोग झाले आहेत; परंतु वांग हा उन्हाने व हॉर्मोनांमुळे पुनःपुन्हा उद्‌भवणारा विकार असल्याने मिळालेली सुधारणा टिकेलच, असे सांगता येत नाही.

महाराष्ट्रात या विषयावर झालेला व जगभर उल्लेखिला जाणारा अभ्यास केसगळतीसंबंधीचा आहे. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय येथील रचिता धुरत व त्यांचे सहकारी यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पुरुषी प्रकारची केसगळती असलेल्या १०० पुरुषांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला ५ टक्के मिनॉक्सिडिल हे औषध दिवसातून दोनदा लावण्यास दिले. दुसऱ्या गटाला त्याच औषधाबरोबर आठवड्यातून एकदा १·५ मिमी. सुयांच्या रोलरने सूचीवेधन केले. १२ आठवड्यांनंतर ठरवून दिलेल्या जागेतील केसांची संख्या पहिल्या गटात सरासरी सु. २२ ने, तर दुसऱ्या गटात सु. ९१ ने वाढलेली आढळली. सूचीवेधनाच्या दिवशी औषध लावावयाचे नसे. ते २४ तासांनी पुन्हा सुरू केले जाई. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण ताज्या छिद्रांवाटे औषध नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात शरीरात जाऊ शकते. हा उपचार रुग्णालयात, प्रशिक्षित हातांनी केलेला होता. अशा अभ्यासांचा आधार देऊन घरगुती रोलरांची जाहिरात केली जाते. परंतु रुग्णालयातील निष्कर्ष घरगुती वापराला जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय या क्षेत्रातील बहुतेक अभ्यास लहान व अल्पकाळाचे आहेत.

उपचार केव्हा करू नये : चेहऱ्यावर पू भरलेल्या तारुण्यपीटिका, नायटा, चामखीळ, ओठांवरील नागिणीसारखे फोड किंवा इतर कोणताही संसर्ग असताना सूचीवेधन करीत नाहीत, कारण सुईमुळे तो संसर्ग सबंध चेहऱ्यावर पेरला जातो. इसब उफाळलेले असताना, तसेच वण वाढून गाठी होण्याची (कीलॉइडाची) प्रवृत्ती असल्यास तो टाळतात. पसरत असलेले कोड व विचर्चिका (सोरायसिस) या विकारांत टोचलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात. रक्त पातळ ठेवण्याची औषधे, अनियंत्रित मधुमेह, गर्भारपण व प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार यांची माहिती वैद्यास आधी देणे आवश्यक असते. ओठांवर वारंवार फोड येत असल्यास उपचारापूर्वी विषाणुरोधी औषध देतात.

भारतात आणखी एका गोष्टीची चौकशी अगत्याची ठरते. रंग उजळण्यासाठी स्टेरॉइडयुक्त मलमे वैद्याच्या सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने लावण्याची सवय खेड्यापाड्यांतही पसरली आहे. त्यांमुळे त्वचा पातळ व लाल होते आणि तिची जखम भरून काढण्याची शक्ती मंदावते. शासनाने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांची विना चिठ्ठी विक्री बंद केली. ज्या चेहऱ्यावर अशी मलमे दीर्घकाळ लावलेली आहेत, त्याच्यावर प्रथम त्या दुष्परिणामाचा इलाज करावा लागतो, सूचीवेधन नंतरचे.

उपचारोत्तर काळजी : छिद्रे डोळ्यांना दिसत नसली, तरी ती काही तास, क्वचित दिवसभरही उघडी असतात. त्या अवधीत त्वचा म्हणजे एक उघडी जखम होय, ही जाणीव ठेवल्यास पुढील सर्व नियम आपोआप कळतात. पहिल्या दिवशी चेहऱ्याला हात लावू नये. धुवावयाचा झाल्यास स्वच्छ हातांनी, उकळून गार केलेल्या पाण्याने हलकेच धुवावा व निर्जंतुक कापडाने टिपून घ्यावा. वैद्याने दिलेले साधे, सुगंधरहित मलम तेवढे लावावे. पावडर, कुंकू, काजळ व इतर प्रसाधने निदान २४ तास वर्ज्य करावीत. हळद, बेसन, लिंबू, चंदन, कोरफड व घरी वाटलेली उटणी निरोगी त्वचेवर निर्धोक वाटत असली, तरी उघड्या छिद्रांवाटे त्यांचे कण व त्यांतील जंतू आत जातात. त्वचा पूर्ववत होईपर्यंत, म्हणजे सु. आठवडाभर, ती लावू नयेत. क जीवनसत्त्वाचे द्राव, फळांची अम्ले व रेटिनॉइड मलमे यांनाही हाच नियम लागू आहे. सूचीवेधनाच्या वेळी असे द्राव त्वचेवर लावल्याने तीन स्त्रियांच्या चेहऱ्यांवर दीर्घकाळ टिकणारे दाहयुक्त उंचवटे उठल्याची नोंद २०१४ मध्ये झाली. तपासणीत ते बाह्य पदार्थांमुळे त्वचेत तयार झालेले असल्याचे दिसून आले.

लाली व किंचित सूज एक ते तीन दिवस राहते. नंतर त्वचा कोरडी पडून बारीक पापुद्रे सुटतात. ते ओढून काढू नयेत. घाम गाळणारे कष्ट, व्यायाम, पोहणे व वाफ घेणे दोन-तीन दिवस टाळावे. लाली ओसरल्यावर सूर्यप्रकाशरोधक मलम रोज लावावे व ते अनेक आठवडे चालू ठेवावे. वाढती वेदना, पू, ताप, पसरणारी लाली, पाण्याचे फोड किंवा चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही न ओसरणारी सूज ही धोक्याची लक्षणे असून त्यांवर घरगुती इलाज न करता वैद्यास दाखवावे.

स्थानिक परिस्थितीचा विचार : उपचारोत्तर नियम सर्वत्र सारखे असले, तरी ते पाळण्याची शक्यता सर्वत्र सारखी नसते. अरुणावती नदीच्या काठी, नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सु. ४० किमी. वर यवतमाळ येथे आहे. उपचार करून भर दुपारी एस. टी. ने किंवा मोटारसायकलवरून परतणाऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर, छिद्रे उघडी असतानाच, ऊन व रस्त्याची धूळ या दोहोंचा मारा होतो. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४२° ते ४५° से. पर्यंत चढते. शोथ झालेल्या त्वचेतील रंगद्रव्य-कोशिका उन्हाने अधिक उत्तेजित होतात व गव्हाळ-सावळ्या वर्णावर तपकिरी-काळे डाग उमटतात. हे डाग जाण्यास कित्येक महिने लागतात. म्हणजे वण घालविण्यासाठी केलेल्या उपचारातून नवाच डाग पदरी पडतो. म्हणून या भागात हिवाळ्याचे महिने व दिवस कलल्यानंतरची वेळ उपचाराला अधिक सोयीची ठरते. परतताना चेहरा स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैलसर झाकावा. वापरातला घामट रुमाल अथवा ओढणी घट्ट बांधू नये.

आर्णी परिसर कापूस व सोयाबीन पिकविणारा आहे. निंदण-खुरपण व कापूस वेचणी ही स्त्रियांची कामे दिवसभर उन्हात चालतात. मजुरी बुडवून आठवडाभर घरी राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी हंगामात हा उपचार न करणेच हिताचे होय. यापेक्षाही गंभीर प्रश्न कीटकनाशकांचा आहे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशी विषे श्वासाबरोबर, तशीच त्वचेवाटेही शरीरात शिरतात. शृंगी स्तर हा त्यांना अडविणारा पहिला बांध असून सूचीवेधनाने तोच ठिकठिकाणी फोडलेला असतो. फवारणी करणाऱ्या अथवा फवारलेल्या शेतात काम करणाऱ्या व्यक्तीने त्वचा पूर्णपणे भरून येईपर्यंत त्या कामापासून दूर राहिले पाहिजे. घरगुती रोलर वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण आखूड सुयाही शृंगी स्तर भेदतातच.

अपाय : योग्य रीतीने केलेल्या उपचारात लाली, कोरडेपणा व तात्पुरते काळवंडणे यांपलीकडे त्रास क्वचितच होतो. रोलर हाडांच्या उंचवट्यांवर जोराने दाबल्यास रुळाच्या चाकोऱ्यांप्रमाणे समांतर ठिपकेदार वण उमटतात. अशी उदाहरणे नोंदलेली आहेत. इतर अपायांत जंतुसंसर्ग, सुयांतील निकेल धातूची अधिहृषता (ॲलर्जी) व कीलॉइड यांचा समावेश होतो.

अस्वच्छतेचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात घडले. रुग्णाचेच रक्त काढून त्यातील बिंबाणुयुक्त रक्तद्रव सूचीवेधनाबरोबर चेहऱ्यावर लावण्याची पद्धत तेथील एका परवाना नसलेल्या सौंदर्यगृहात चालू होती. २०१८ मध्ये उपचार घेतलेल्या एका स्त्रीला एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे आढळल्यावर चौकशी झाली व सौंदर्यगृह बंद झाले. तेथे एकदाच वापरावयाच्या वस्तू पुन्हा वापरण्यासाठी ठेवलेल्या, रक्ताच्या नळ्या नावाच्या चिठ्ठीविना स्वयंपाकघरातील शीतकपाटात खाद्यपदार्थांशेजारी ठेवलेल्या आणि उपकरणे निर्जंतुक करण्याचे वाफेचे यंत्र मुळात नव्हतेच, असे दिसून आले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तीन स्त्रियांना हा संसर्ग बहुधा तेथील उपचारातूनच झाला. दोष सूचीवेधनाच्या तत्त्वात नव्हता; सुई व रक्त यांच्या हाताळणीत होता. जत्रा-उरुसांतून एकाच सुईने अनेकांना गोंदण्यातही हाच धोका असतो.

नियमन व निवड : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तारुण्यपीटिकांच्या वणांसाठी सूचीवेधनाच्या लेखणीच्या विक्रीस २०१८ मध्ये प्रथम मान्यता दिली. भारतात वैद्यकीय साधने नियम २०१७ मध्ये करण्यात आले व १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. घरगुती रोलर मात्र प्रसाधनाची वस्तू म्हणून दुकानांतून व घरपोच सहज मिळतात. उपचार घेणाऱ्याने करणाऱ्याची वैद्यकीय नोंदणी विचारावी. सुयांची बंद टोपी वा रोलरची थैली आपल्यासमोर फोडली जाते किंवा नाही आणि वापरानंतर तो टाकला जातो किंवा नाही, हे पाहावे. हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे रुग्णालयांनी वापरलेल्या सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक व न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकावयाच्या असतात. घरी वापरलेला रोलर तसाच केरात टाकल्यास तो सफाई कामगाराच्या हाताला लागू शकतो; म्हणून तो जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून, झाकण घट्ट लावून व वर तशी चिठ्ठी चिकटवून वेगळा द्यावा.